तुम्ही विचारलंत म्हणून: पाटीचा रिमोट कसा झाला

घरी कोणी आलं, टीव्हीसमोर बसलं, की पाच मिनिटांत कोचाच्या हातावर ठेवलेल्या त्या पाटीकडे बोट जातं. "हा रिमोट आहे? कसा केलात?" आणि मग, जरा अडखळत, "आयता मिळत असताना?" दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही. वस्तू पडून होती, टाकवत नव्हती, एवढंच. पहिल्याचं उत्तर आहे, पण ते दारात चपला घालता घालता सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहूनच काढतो.

पाटी म्हणजे नोकियाचा एन८००, २००७ साली आलेला. कंपनी त्याला 'इंटरनेट टॅबलेट' म्हणायची. फोन नव्हेच तो, सिमला जागाच नाही. वायफाय, ब्लूटूथ, ४.१ इंचांचा पडदा, आणि आत माएमो नावाचं, डेबियन लिनक्सवर बेतलेलं सॉफ्टवेअर. आजची संकेतस्थळं त्यावर उघडत नाहीत. उघडलीच तर तोवर आपण काय शोधत होतो ते विसरून जातो. पण पडदा शाबूत होता, आणि चार बटणांचं साधं पान तो अजून झटक्यात दाखवायचा.

अडचण अशी की त्याला इन्फ्रारेड दिवाच नाही, म्हणजे रिमोटच्या टोकाला असतो तो, डोळ्यांना न दिसणारा उजेड देणारा. पुढे २००९च्या एन९००ला कंपनीने तो दिला, पण माझ्याकडे होता आधीचा. म्हणून मी गेलो हेडफोनच्या जॅकमागे.

इथे थोडं आत शिरावं लागेल. रिमोटच्या टोकाचा दिवा नुसता लागत-विझत नाही. उन्हातून, घरातल्या बल्बमधून इन्फ्रारेड खोलीत पसरलेलाच असतो. त्या गर्दीत आपला उजेड ओळखू यावा म्हणून रिमोट तो बहुतेक वेळा सेकंदाला ३८,००० वेळा फडफडवतो, आणि त्या फडफडीचे तुकडे पाडून निरोप धाडतो. एनईसी नावाची पद्धत खूप उपकरणांत सापडते. तिच्यात आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग ४.५ मिलिसेकंद अंधार, मग ३२ बिट, म्हणजे ३२ शून्य-एक. गंमत अशी की शून्याचा झोत आणि एकाचा झोत सारखाच असतो. फरक असतो तो पुढच्या अंधाराच्या लांबीत. टीव्ही उजेड वाचत नाही, मधल्या रिकाम्या जागा वाचतो.

आता आवाजाच्या जॅकमधून सेकंदाला ३८,००० कंपनं कशी काढणार? तो माणसाच्या कानासाठी केलेला, वीस हजारांच्या आसपास त्याची धाव संपते. त्यावरची युक्ती मी शोधलेली नाही, पण तिच्यावर माझा फार जीव आहे. दोन इन्फ्रारेड एलईडी घ्यायचे आणि एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला, असे उलटसुलट जोडायचे. ही जोडी डाव्या आणि उजव्या चॅनेलच्या मधे टाकायची. दोन्ही चॅनेलवर १९,००० कंपनांची एकच लहर सोडायची, फक्त एकीकडे उलटी करून. लहर वर गेली की पहिला दिवा लागतो, खाली आली की दुसरा. एकोणीस आणि एकोणीस, अडतीस! सोल्डर करताना बोट भाजलं, ते सोडून द्या. मोबाइलचा कॅमेरा रोखला तर पडद्यावर जांभळट ठिपका दिसला, अगदी मिणमिणता. त्या ठिपक्याने टीव्ही बंद झाला तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

पण हेडफोनला लागणारा करंट तो केवढासा! टीव्ही हातभर अंतरावर असेल तरच ऐकायचा. म्हणजे रिमोट वापरायचा तर उठून टीव्हीपाशी जायचं. बहीण म्हणाली, "अरे दादा, मग टीव्हीवरचंच बटण दाब ना." तिचं बरोबर होतं, म्हणून दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही.

मग डोकं ठिकाणावर आलं. उजेड पाटीतूनच निघायला हवा असं कोणी सांगितलंय? टीव्हीखालच्या कप्प्यात रास्पबेरी पाय (पुढे नुसता 'पाय') नावाचा छोटा संगणक बसवला, त्याला ट्रान्झिस्टरमार्फत एक जोमदार एलईडी जोडला. पाटी वायफायवरून त्याला नुसता निरोप देते, बाकीचं तो बघतो. लिनक्समध्ये या कामासाठी लिर्क म्हणून जुनं सॉफ्टवेअर आहे. तीन पायांचा एक रिसीव्हर लावायचा, त्याच्यासमोर मूळ रिमोट धरायचा आणि ठिपक्यांच्या ओळी भरेपर्यंत बटणं दाबत राहायचं, की ते रिमोटची भाषा शिकतं. मग एकेका बटणाला नाव द्यायचं. टीव्हीच्या रिमोटवर चाळीसेक बटणं होती. मी नऊच शिकवली. बाकीची कोण वापरतं?

खरी करामत यापुढे सुरू झाली. आवाजाचं बटण आपण धरून ठेवतो. बोट टेकलं की पाटी 'सुरू' म्हणायची, उचललं की 'थांब'. एका रात्री 'सुरू' पोचलं आणि 'थांब' वायफायमध्ये कुठेतरी हरवलं. आवाज वाढू लागला. मी पाटीवर बोटं आपटतोय, पाटी वायफाय पुन्हा शोधत बसलेली, बातम्या देणारी बाई घरभर गरजतेय, आई आतून धावत आलेली. शेवटी मी कप्प्यात हात घालून पायची वायरच उपटली. दुसऱ्या दिवशी कामाची वाटणी बदलली. आता बोट टेकलेलं असेतो पाटी 'अजून, अजून' म्हणत राहते, आणि पाव सेकंद काही ऐकू आलं नाही तर पाय आपणहून गप्प बसतो. थांबण्यासाठी निरोप लागत नाही.

दुसरा घोळ चालू-बंदचा. माझ्या लेखी सगळ्यात कठीण भाग हाच, इन्फ्रारेड नव्हे. रिमोट नुसता बोलतो, त्याला उत्तर कधीच येत नाही. टीव्ही चालू आहे का बंद, त्याला पत्ता नसतो. आपण डोळ्यांनी बघतो म्हणून चालतं. मी पाटीवर 'सिनेमा' असं एकच बटण केलं: टीव्ही चालू, ॲम्प्लिफायर चालू, इनपुट बदल. कोणी टीव्ही आधीच लावून ठेवला असेल तर हे बटण टीव्ही बंद करायचं आणि अंधारात इनपुट बदलत बसायचं. काही टीव्हींना 'चालू' आणि 'बंद' असे दोन वेगळे कोड कळतात, रिमोटवर तशी बटणं नसली तरी. माझ्या ॲम्प्लिफायरला कळत होते, टीव्हीला नाही. शेवटी टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून एक वायर काढली. टीव्ही चालू असला की तिथे ५ व्होल्ट येतात, बंद झाला की जातात. काही टीव्ही बंद असतानाही वीज देत राहतात, माझा त्यातला नाही हे नशीब. आता पाय आधी वायर बघतो, मगच बटण दाबतो.

इतकं करून आईचं मत बदललेलं नाही. "आवाज कमी करायचा तर आधी ही पाटी उजळवायची, मग चष्मा शोधायचा, मग बटण कुठंय ते बघायचं. तुझ्या त्या जुन्या रिमोटवर माझा अंगठा आंधळेपणानं जायचा." यावर मी वाद घालत नाही. सपाट काचेवर अंगठ्याला वाट सापडत नाही, आणि या पाटीचा पडदा दाब ओळखणारा असल्यामुळे बोट जरा जोरानेच टेकवावं लागतं. शिवाय चार्जिंग. रॉबर्ट ॲडलर यांनी घडवलेला झेनिथ कंपनीचा 'स्पेस कमांड' हा रिमोट १९५६ साली बाजारात आला, त्याला सेलच नव्हता. आत ॲल्युमिनियमच्या दांड्या, बटण दाबलं की छोटी हातोडी दांडीवर आपटायची आणि कानाला न कळणारा नाद टीव्ही ओळखायचा. माझा रिमोट दर दोन दिवसांनी चार्जरला लटकतो. आवाजासाठी मी आता टेबलाच्या कडेला दोन खरी, उंचवट्याची बटणं बसवून पायला जोडली आहेत. आई तीच वापरते.

तर, तुम्हाला करायचा असेल तर पाटी कुठलीही चालेल, साधं पान उघडलं की झालं. फक्त मूळ रिमोट नीट ठेवा. आमच्याकडे आईने त्यातले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले होते. गेल्या महिन्यात टीव्ही अचानक परक्याच भाषेत बोलायला लागला. ती बदलायला मेनूचं बटण हवं, आणि ते माझ्या नऊंत नव्हतं. घड्याळ उतरवलं, सेल काढले, रिमोट कप्प्यासमोर धरून दहावं बटण शिकवलं. सेल परत बसवले, पण घड्याळ तेव्हापासून सात मिनिटं मागे आहे.