तारकर्लीतली आमची वाटचाल: बदलत्या नियमांची दोन वर्षं

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणजवळ तारकर्लीत आमच्या सहा खोल्या आणि त्यांना लागून खानावळ आहे. सासऱ्यांचा रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, वाटा होता. नुसत्या मासळीवर घर चालेना, तेव्हा २०१२ साली मागच्या पडवीच्या दोन खोल्या करून आम्ही न्याहारी-निवास सुरू केला. नवरा पाहुण्यांना होडीतून देवबागच्या संगमावर नेऊन आणायचा, मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात. घावणे, बांगड्याचं तिखलं, वडे-कोंबडी, सोलकढी. मालवणच्या स्कुबा डायव्हिंगचं नाव झालं तशी पुण्या-कोल्हापूरची माणसं वाढली आणि कर्ज काढून आम्ही उरलेल्या चार खोल्या बांधल्या. इथवरची गोष्ट किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची आहे. मला सविस्तर लिहायचंय ते कोरोनाच्या काळाबद्दल, कारण आज आमचा धंदा ज्या रीतीने चालतो ती रीत तेव्हा ठरली.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा मे महिन्याच्या सगळ्या खोल्या ठरलेल्या होत्या. आमचं वर्ष मे, दिवाळी आणि नाताळ या तिघांवर उभं असतं, आणि त्यातला मे सगळ्यात मोठा. टाळेबंदी आधी १४ एप्रिलपर्यंत होती, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. दर वेळी तारीख जवळ आली की फोन सुरू व्हायचे. कुणी म्हणायचं, आठ दिवस पुढे ढकला. कुणी म्हणायचं, पैसे परत द्या. काही जण रागावलेले असायचे, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही रागावले असते. पगार कापले गेले होते, घरात म्हातारी माणसं होती. आम्ही ठरवलं की मागेल त्याची आगाऊ रक्कम परत द्यायची. कर्जाचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलायची सवलत मिळाली, पण व्याज थांबलं नव्हतं. देवगडच्या हापूसच्या पेट्या घेऊन गाड्या पुण्या-मुंबईला जायच्या. त्यांच्याबरोबर आगळ (कोकमाचा घट्ट रस), आमसुलं आणि कुळथाचं पीठ जुन्या पाहुण्यांच्या घरी पाठवून आम्ही ते महिने काढले.

गावात तेव्हा वेगळीच धास्ती होती. खारेपाटणला, फोंडाघाटात, आंबोलीत, बांद्याला तपासणी नाके. कितीतरी वाड्यांच्या तोंडाशी आडवे ओंडके टाकलेले. आमच्या दारात अनोळखी गाडी थांबली तरी शेजारचे काका कुंपणापाशी येऊन विचारायचे, "वहिनी, पावणे खयसून इले?" (कुठून आले?) बाहेरच्या लोकांना हा उद्धटपणा वाटला. मला तो कधीच तसा वाटला नाही. इथे घरोघरी म्हातारी माणसं आहेत, तरुण मुंबईत. मोठ्या उपचारासाठी ओरोसला जिल्हा रुग्णालयात किंवा थेट गोव्याला जावं लागतं. अशा गावाने विचारायचं नाही तर कोणी?

त्या काळात सगळ्यात जास्त भांडणं झाली ती २०२० च्या गणपतीत. चतुर्थी २२ ऑगस्टला होती. गावोगावच्या समित्यांनी चाकरमान्यांसाठी चौदा दिवसांचं विलगीकरण धरलं होतं, म्हणजे ७-८ तारखेच्या आत गावात पोचायला हवं. चौदा दिवस आणि वर सण धरला तर जवळजवळ महिनाभराची रजा. कुठला मालक देणार? मग ऑगस्टच्या सुरुवातीला सरकारने जाहीर केलं की १२ ऑगस्टपर्यंत येणाऱ्यांना दहा दिवस पुरेत, त्यानंतर येणाऱ्यांनी चाचणी करून यावं, आणि एसटीने येणाऱ्यांना ई-पास, म्हणजे जिल्ह्याबाहेर जायचा ऑनलाइन परवाना, नको. चाकरमानी खूश झाले. गावाला मात्र वाटलं, आपल्याला न विचारता आपले चार दिवस काढून घेतले. आधी चौदा दिवसांच्या हिशोबाने धावतपळत आलेल्यांना तर फसवल्यासारखं झालं.

आमच्या खोल्या रिकाम्याच होत्या. त्या आम्ही वाडीतल्या चाकरमान्यांना विलगीकरणासाठी दिल्या, भाडं न घेता. ज्यांच्या घरी एकच न्हाणीघर, त्यांना आधी. जेवणाची ताटं पायरीवर ठेवायची आणि मागे व्हायचं. एका मुलाची आई रोज संध्याकाळी माडाखाली उभी राहून लांबून त्याच्याशी बोलायची. पोलीस पाटील काकांनी दोन्ही बाजूंची बोलणी खाल्ली, पण कुणाच्या दारावरून माणूस परत जाऊ दिला नाही. त्या सणानंतर गावात आमच्याकडे बघण्याची नजर बदलली. पुढे पाहुणे यायला लागले तेव्हा आमच्या गेटवर कोणी वाद घातला नाही, ते या दिवसांमुळे.

खोल्या उघडायला तशी ८ जुलैलाच परवानगी होती, एक तृतीयांश क्षमतेने. पण पर्यटनासाठी ई-पास मिळत नव्हता, मग येणार कोण? पलीकडे तेरेखोलच्या पार गोव्याने २ जुलैपासून अटी घालून पर्यटक घेतले होते, त्याची इथे रोज चर्चा व्हायची. २ सप्टेंबरला आपल्याकडे ई-पास गेला, खोल्यांवरची मर्यादा गेली, आणि ५ ऑक्टोबरपासून खानावळीत निम्म्या टेबलांवर माणसं बसू लागली. होड्या आणि स्कुबाला परवानगी मिळायला मात्र बराच उशीर लागला. पाहुणे समुद्रासाठी आलेले आणि होड्या बांधलेल्या. त्यांची निराशा आम्हाला दिसायची.

याच काळात आम्ही रोज सकाळी एक छोटा मजकूर लिहायला लागलो, "आजचा नियम". वर तारीख, खाली चार ओळी: जिल्ह्यात यायला काय लागतं, खानावळ किती वाजेपर्यंत, होडी चालू की बंद, उद्या काही बदलणार असेल तर काय. त्यात जिल्हाधिकाऱ्यांचा लेखी आदेश असेल तेवढंच घ्यायचं. वाहिनीवरची बातमी, कुणाच्या ओळखीतून कळलेलं, काही नाही. खोली ठरवलेल्या प्रत्येकाला आणि गावच्या गटावरही तोच मजकूर जायचा. पाहुण्यांना एक सांगायचं आणि गावाला दुसरं, असं आमच्याकडून एकदाही झालं नाही, याचा मला अभिमान आहे.

त्याचं महत्त्व २०२१ मध्ये कळलं. ५ एप्रिलला रात्रीची संचारबंदी आणि शनिवार-रविवार बंद, १४ ला सगळंच कडक, २२ ला जिल्ह्याबाहेरचा प्रवास बंद. दुसरा मे हातचा गेला. त्यातच १६ मे रोजी तौक्ते वादळाने मालवणचा किनारा झोडपला. आमची कौलं आणि मागचे माड गेले, आणि वीज यायला कितीतरी दिवस लागले. पण त्या वादळाबद्दल तक्रार कोणाकडे करणार.

तक्रार आहे ती जून महिन्याबद्दल. ३ जूनच्या संध्याकाळी जाहीर झालं की पाच टप्प्यांत राज्य उघडणार, अर्धे जिल्हे लगेच. आमचे फोन खणखणायला लागले, आणि त्याच रात्री खुलासा आला की अजून निर्णय झालेला नाही. प्रत्यक्ष आदेश ७ जूनपासून लागू झाला आणि त्यात सिंधुदुर्ग चौथ्या स्तरात; स्तराचा आकडा जितका मोठा तितके निर्बंध कडक. पुण्याचे पाहुणे म्हणायचे, "ताई, टीव्हीवर तर सगळं उघडलंय, तुम्हीच का नाही म्हणता?" स्तर दर आठवड्याला बाधितांचं प्रमाण आणि प्राणवायूच्या खाटा बघून ठरणार होता. म्हणजे पुढच्या शुक्रवारी आपण कुठल्या स्तरात असू हे आज कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि आमच्याकडे खोली तर महिना आधी ठरते. २५ जूनला कोरोनाच्या डेल्टा प्लस या नव्या प्रकारामुळे सगळं राज्य किमान तिसऱ्या स्तरात गेलं. २ ऑगस्टला पंचवीस जिल्ह्यांना सूट मिळाली, उरलेल्या अकरांत आम्ही होतो.

नियम बदलले याचा मला राग नाही. आजारच नवा होता. त्रास व्हायचा तो आदेश संध्याकाळी निघून सकाळी लागू होण्याचा, आणि शहरातला नियम किनाऱ्यावर कसा लागेल याचा विचार न होण्याचा. १५ ऑगस्टपासून खानावळ रात्री दहापर्यंत चालवायला परवानगी मिळाली, पण दोन्ही लशी होऊन चौदा दिवस झालेल्या कामगारांनाच. आमच्याकडे भाकऱ्या थापणाऱ्या बायकांना पहिली लस उशिरा मिळालेली आणि दुसरीसाठी चौऱ्याऐंशी दिवस थांबणं सक्तीचं. त्यांची चूक काय? त्यांना आम्ही घरून मसाला आणि आगळ करायचं काम दिलं, आणि पोळ्या-भाकऱ्या मी नि माझ्या जावेने केल्या.

९ ऑक्टोबर २०२१ ला आमच्या जिल्ह्यातला चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि दिवाळीला किनारा माणसांनी भरला. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा किल्ले आणि पर्यटनस्थळं बंद, खोल्या मात्र चालू. शेवटी गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ ला, राज्यातले सगळे निर्बंध उठले. त्या वर्षीचा मे आम्ही पूर्ण केला आणि त्यातून तुंबलेले हप्ते भरले.

आमच्या पावतीवर आता छापलेलं असतं: सरकारी आदेशाने येता आलं नाही तर आगाऊ रक्कम आठ दिवसांत पूर्ण परत. सकाळचा मजकूरही चालू आहे. त्यात वाऱ्याचा इशारा, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या चालू की बंद, पावसाळ्यात जलक्रीडा कधी थांबणार, एवढं असतं. मसाला करणाऱ्या त्या बायकांचं काम थांबलं नाही. मालवणी मसाला आणि आगळ आता खानावळीच्या जोडीला वेगळं विकलं जातं आणि त्याचा हिशोब त्याच बघतात.