वाढपी

रविवार, रात्री उशिरा. अकोला.

दादाच्या नव्या घराची वास्तुशांत आज पार पडली. केटररला सांगितलं असतं तर सगळेच सुटलो असतो, पण आईने ऐकलं नाही. स्वयंपाक घरचा, पंगत खाली बसून आणि पत्रावळ्या पळसाच्याच. त्या कुठून मिळवल्या ते दादालाच ठाऊक. गच्चीवर सतरंज्या अंथरल्या आणि वाढायला भाचे-पुतणे उभे केले. पोरं रोज जिमला जाणारी, पण हातात वरणाची बकेट आली की कमरेत खिळा ठोकल्यासारखी ताठ. पहिल्याच फेरीत एकाने उभ्यानेच भातावर वरण सोडलं आणि शिंतोडे थेट काकांच्या सदऱ्यावर.

"काहून एवढी घाई हाय बे तुले?" म्हणत नानामामा उठला. सत्तरी कधीच ओलांडलीय, गुडघेही कुरकुरतात. पण त्याने बकेट हातात घेतली आणि मी जागची हललेच नाही, नुसती बघत राहिले.

तो बकेट डाव्या हातात, अंगाच्या मागच्या बाजूला धरतो, म्हणजे जेवणाऱ्याच्या तोंडासमोर ती येत नाही. गुडघ्यात किंचित वाकून मग कमरेतून खाली येतो. डाव भरला की त्याचं बूड बकेटीच्या काठाला टेकवतो, लोंबणारा थेंब आतच पडतो आणि मगच डाव बाहेर येतो. भाताला आळं केलेलं असेल तर वरण नेमकं त्यात. केलेलं नसेल तर क्षणभर थांबतो, की समोरचा आपणहून बोटाने आळं करतो. तोंडाने एक शब्द नाही. पाऊल पत्रावळीपासून हातभर लांब. सगळी ओळ वाढून झाली तरी सतरंजीवर डाग नव्हता.

पोरं त्याच्या मागेमागे फिरत होती. मधेच त्याने एकाला बकेट दिली आणि म्हणाला, "आता त्या टोकाहून सुरू कर." पोराला कळेना. दर फेरी एकाच टोकाकडून सुरू केली तर शेवटच्या माणसाला भजी नेहमी गार मिळतात आणि जिलबीचा चुराच हाती येतो, म्हणून फेरीगणिक टोक बदलायचं. मी इतकी वर्षं पंगतीत बसतेय, पण हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

आग्रहाबद्दलही त्याची मतं पक्की. पत्रावळीवर आडवा हात आला की एकदा विचारायचं, तेही हळू आवाजात. दुसऱ्यांदा हात आला की पुढे. "मधुमेह आहे का?" असं चारचौघांत कुणाला विचारायचं नाही, जिलबीचं ताट त्याच्यासमोरून जरा भरभर न्यायचं. आमच्याकडे आग्रहाच्या नावाखाली माणसाचा जो छळ होतो, तो मला तरी कधी सोसला नाही. नको म्हणणाऱ्याच्या पानात टाकलेली चौथी जिलबी हे प्रेम नव्हे, ती यजमानाची हौस.

हे सगळं तो शिकला शेगावला. मिलमधून निवृत्त झाल्यापासून दरवर्षी गजानन महाराजांच्या संस्थानात सेवेला जातो. तिथल्या सेवेकऱ्यांचं वागणं वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. बिनपगारी, गावोगावहून पाळीने आलेली माणसं. शेतकरी, मास्तर, दुकानदार, असे सगळे. रांगेत कुणी आडवं घुसलं तरी "माउली, इकडून या" एवढंच. आवाज चढत नाही. महाराज पहिल्यांदा दिसले ते 1878 च्या फेब्रुवारीत, बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. ज्या गावची गोष्टच टाकलेल्या पत्रावळीपासून सुरू होते, तिथे वाढण्याला एवढी किंमत असावी यात मला नवल वाटत नाही.

पण पंगतीचं गुणगान करताना जरा जपूनच करावं. याच पंगतीत कुणाला बसू द्यायचं आणि कुणी अंगणाच्या कडेला थांबायचं, हेही ठरलेलं असे. पंक्तिप्रपंच हा शब्द उगाच नाही आला. एकाच ओळीत जावयाला तुपाची धार आणि गड्याला नुसता वास, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. वाढणाऱ्याचा हात तेव्हाही डौलदारच होता. नुसत्या डौलाचं काय करायचं मग?

दुपारची एक गोष्ट मात्र लिहून ठेवायलाच हवी. पहिली पंगत उठायच्या बेतात होती. शेजारचे अण्णा अजून जेवत होते. त्यांची कवळी नवी, घास बराच वेळ घोळतो. बाकी सगळ्यांचे हात सुकायला लागलेले, दोनचार जण चुळबुळ करत अण्णांकडे बघायला लागले. अण्णांच्या ते लक्षात आलं आणि पोळी तशीच सोडून ते हात आवरता घेणार, तेवढ्यात शेजारी बसलेली आत्या म्हणाली, "अरे, मला दोन घास कढी-भात घाल रे. कढी फार छान झालीय." थोड्याच वेळापूर्वी तिनेच पोट धरून "आता पाणीसुद्धा नको" म्हटलेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. कढी-भात आला, ती तो शीत-शीत खात बसली, अधूनमधून अण्णांना त्यांच्या नातवाच्या नोकरीबद्दल विचारत. अण्णांची पोळी संपली, ताक पिऊन झालं, मग तिचाही भात संपला. सगळे एकदमच उठले.

आत्याला मी नंतर काही बोलले नाही. बोलले असते तर तिने "कसलं काय, भूक होती" म्हणून उडवून लावलं असतं.

मला आमचं बँकेतलं काउंटर आठवलं. नोव्हेंबरात पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात. कुणाचा हात थरथरतो, सही जुन्या सहीशी जुळत नाही, ते घाबरून पुन्हा पुन्हा गिरवतात. माझ्या आधी त्या खुर्चीवर ज्या मॅडम होत्या, त्या अशा वेळी कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे वळून काहीतरी टाइप करत बसायच्या. टाइप करायला काही नसायचंच. सही झाली की म्हणायच्या, "झालं का काका? द्या." मी त्यांच्याकडून पासबुकं लवकर छापायला शिकले, हे मात्र नुसतं पाहून घेतलं आणि आता बऱ्यापैकी जमतं.

संध्याकाळी वेगळंच नाटक. आमच्याकडे सुना-लेकी बसतात शेवटी. तोवर भात गार, भजी मऊ आणि कढीचा तळ. आईलाही त्यात काही वावगं वाटत नाही. आज नानामामाने पोरांना सांगितलं, "तुमच्या मायसाठी भजी ताजी तळा, आन् वाढाबी तुम्हीच." पोरांनी तळली. दोन घाणे जरा जास्तच लाल झाले, पण गरम होती. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा सासरच्या पंगतीत मांडी घालून निवांत बसली असेल. सकाळी काकांचा सदरा रंगवणारा पोरगा आता डाव काठाला टेकवून थेंब पाडत होता, जीभ बाहेर काढून, एकाग्र होऊन.

सगळ्यात शेवटी वाढपी बसले. आईने मामासाठी पाट मांडला, तूप कढवून आणलं.

"नाना, बस आता. हाच वाढेल तुला," दादा त्याच पोराकडे बोट दाखवत म्हणाला.

मामाने तुपाचं भांडं स्वतःकडे ओढलं. "वरण वाढू दे त्याले. तुपाचा हात अजून बापासारखा आखडता हाय."