उत्तराआधी कारण : कॅथलिक शाळेत गणित शिकवतानाचा माझा अनुभव

कॅथलिक शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवण्यासाठी मी नव्याने रुजू झाले, तेव्हा बहुतेक मुलांना रीती तोंडपाठ होत्या आणि त्यांवर गुणही मिळत होते; मात्र ही रीत का चालते, असे विचारले की वर्ग गप्प होई. त्यामुळे उत्तराइतकेच त्यामागच्या कारणालाही तासात स्थान द्यायचे, असे मी सुरुवातीलाच ठरवले. प्रिन्सिपल सिस्टरांनी परवानगी दिली, पण घटक चाचणीच्या वेळी सर्व तुकड्यांचा अभ्यासक्रम एकाच टप्प्यावर असला पाहिजे, ही अट घातली. अट रास्त होती. म्हणून वेळ कुठे द्यायचा आणि कुठे वाचवायचा, हे मला आधीच निवडावे लागले.

सहावीत मी बरोबरच्या चिन्हापासून आरंभ केला. फळ्यावर ८ + ४ = □ + ५ असे लिहिले, तर कोणी चौकोनात १२ भरले, कोणी १७. ‘बरोबर’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’, असा समज पहिलीपासून घट्ट बसलेला असतो. दोन्ही बाजूंची किंमत सारखी असल्याचे ते विधान आहे, हे तराजूच्या दोन पारड्यांवरून पटल्यावर ७ हे उत्तर मुलांनी स्वतःच काढले. या पायाभरणीचा उपयोग सातवीत होतो. ३क्ष + ५ = २० सोडवताना ‘५ पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे वाक्य मी वर्गात वापरत नाही; दोन्ही बाजूंतून ५ वजा करायचे, मग दोन्ही बाजूंना ३ ने भागायचे, आणि आलेली ५ ही किंमत मूळ समीकरणात ठेवून ताळा पाहायचा.

सर्वाधिक वेळ अपूर्णांकांना दिला आणि तो देणे योग्यच होते, असे माझे ठाम मत आहे. १/२ + १/३ = २/५ हे उत्तर वहीत दिसले की त्यावर लाल फुली मारण्याऐवजी मी ते फळ्यावर लिहिले आणि २/५ हे अर्ध्याहून मोठे की लहान, एवढेच विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “टीचर, अर्ध्यात काहीतरी मिळवलं, तर ते अर्ध्याहून कमी कसं होईल?” त्यानंतर संख्यारेषेवर ० ते १ या अंतराचे सहा समान भाग केले, तेव्हा ३/६ आणि २/६ मिळून ५/६ होतात हे दिसले आणि समान छेद कशासाठी लागतो, हे वेगळे सांगावे लागले नाही. भागाकारातही तसेच. ३/४ मध्ये १/८ किती वेळा मावतो, हे मोजून ६ आल्यावर ‘उलटा करून गुणा’ या रीतीकडे वळलो.

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, आठवीच्या वर्गात नाताळची तारीख ठरलेली असते, मग ईस्टरची दरवर्षी का बदलते, असा प्रश्न निघाला. तो धर्मशिक्षणाच्या तासाकडे ढकलणे सोपे होते, परंतु त्यात गणित भरपूर आहे. उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतले ६ रविवार उपवासात धरत नाहीत; ते वगळले की ४० उरतात. ईस्टरची तारीख वसंतातल्या पौर्णिमेवरून ठरते, म्हणून ती बदलते; आणि ऋतू व तारखा जुळत राहाव्यात यासाठी झालेल्या दिनदर्शिकेच्या सुधारणेकडे आम्ही पुढे गेलो. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ती अमलात आणली आणि त्यामागील गणितात ख्रिस्तोफर क्लाव्हियस या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघातील) गणितज्ञाचा मोठा वाटा होता. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. ४०० वर्षांत १०० ऐवजी ९७ लीप वर्षे धरल्यास वर्षाची सरासरी ३६५ + ९७/४००, म्हणजे ३६५.२४२५ दिवस येते, हे मुलांनी स्वतः काढले. ४०० वर्षांचे एकूण १,४६,०९७ दिवस होतात. एका मुलाने त्यांना ७ ने भागून पाहिले, तर बाकी शून्य! म्हणजे दर ४०० वर्षांनी तारखा आणि वार जसेच्या तसे परत येतात. मी हे सांगितलेले नव्हते, आणि त्या तासाचा आनंद मला अजूनही आहे.

पालकसभेत काहींनी वहीत गणिते कमी दिसतात, अशी काळजी व्यक्त केली. गृहपाठात गणितांची संख्या घटवून एका गणिताचे कारण पूर्ण वाक्यांत लिहायला सांगते, हे मी वह्या दाखवून समजावले. प्रत्येक मुलाच्या प्रतिष्ठेबद्दल सकाळच्या प्रार्थनेत आपण बोलतो. मग चुकलेले उत्तर सांगणाऱ्याचे बोलणे वर्गाने शेवटपर्यंत ऐकले पाहिजे, हा नियम गणिताच्या तासालाही लागू असावा, असे मला मनापासून वाटते.

ऋण संख्यांचा गुणाकार मात्र अजून हवा तसा बसलेला नाही. २ × (−३) = −६, १ × (−३) = −३, ० × (−३) = ० अशी मांडणी केली की दर पायरीला ३ ची वाढ मुलांना दिसते, आणि त्यावरून (−१) × (−३) = ३ हे बहुतेकांना मान्यही होते; तरीही समीकरणात कंस सोडवताना चिन्हे पुन्हा चुकतात. म्हणून सातवीत हा घटक मी आता समीकरणांच्या बराच आधी घेते आणि कंसांची गणिते सुरू होण्यापूर्वी हीच मांडणी मुलांकडून एकदा पुन्हा करून घेते.