नाव गावातलं, मजकूर लॉबिस्टचा

2019 साली अमेरिकेत ‘मेडिकेअर फॉर ऑल’वरून, म्हणजे सगळ्यांना एकच सरकारी आरोग्य विमा द्यावा का यावरून, रान पेटलं होतं. मोंटाना राज्यातल्या दोन आमदार, कॅथी केल्कर (आपल्या केळकरांशी संबंध नाही) आणि जेन ग्रॉस, यांनी या योजनेविरुद्ध वेगवेगळे लेख छापले. डिसेंबरमध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ईमेल उघड केले. लेखांतला काही मजकूर एका लॉबिस्टने, म्हणजे पैसे घेऊन कुणाच्या तरी वतीने कायदे करणाऱ्यांवर वजन टाकणाऱ्याने, पुरवला होता, हे दोघींनी कबूल केलं. आपला अशील कोण, हे त्या लॉबिस्टने ईमेलमध्येही सांगितलं नव्हतं.

दोघी डेमोक्रॅट, म्हणजे ही योजना मुख्यतः ज्या पक्षातून पुढे आली त्याच पक्षाच्या, आणि मेख तिथेच आहे. विमा कंपनीच्या नावाने आलेला लेख वाचक हसून बाजूला ठेवतो, पण आपण मत दिलेल्या बाईंचा लेख वाचतो.

पैशाचा हिशेब सरळ आहे. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने 25 राज्यांतली रुग्णालयांची बिलं तपासली. 2017 मध्ये जिथे मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः 65 वर्षांवरच्यांचा सरकारी विमा, 100 डॉलर देत होती, तिथे खासगी विमा रुग्णालयांना सरासरी 241 डॉलर मोजत होता. दर मेडिकेअरचा झाला की रुग्णालयांना खड्डा, आणि खासगी विम्याचा तर मुख्य धंदाच गेला.

ही युक्ती नवी नाही. 2009 मध्ये आरोग्य विधेयकाच्या वेळी जेनेन्टेक या औषध कंपनीच्या लॉबिस्टांनी दोन मसुदे फिरवले, एक डेमोक्रॅटांसाठी, एक रिपब्लिकनांसाठी. कंपनीच्याच अंदाजाने 42 खासदारांनी त्यातले मुद्दे उचलले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ईमेल मिळवून बिंग फोडलं, आणि आळस असा की संसदेच्या नोंदीत अनेकांची वाक्यं शब्दशः तीच!

कायद्यातली फट जुनी आहे. 1995 च्या लॉबिंग कायद्यानुसार खासदारांना गाठण्याचा खर्च दाखवावा लागतो, लोकमत घडवण्याचा नाही.

असा लेख तपासताना सुरुवातीचं वाक्य घेऊ नका. सही करणारा तिथे गावाचं, दवाखान्याचं नाव घालून घेतो. मधल्या परिच्छेदातले सलग आठ-दहा शब्द अवतरण चिन्हांत टाकून शोधा. दुसऱ्या राज्यातल्या पेपरात तेच सापडलं, तर संशयाला जागा आहे. मग आकडे बघा: अहवाल कोणाचा यापेक्षा त्याचे पैसे कोणी दिले ते महत्त्वाचं, आणि ते बऱ्याचदा पहिल्या-दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात असतं. गावाचं नाव बदलूनही लेखाला काहीच धक्का लागत नसेल, तर तो त्या गावात लिहिलेला नसण्याचीच शक्यता जास्त. शब्द नीट फिरवलेले असले की शोध मात्र फसतो. मग आमदारांचे सरकारी ईमेल त्या राज्याच्या माहिती कायद्याखाली मिळत असतील तर मागायचे. वेळखाऊ काम आहे, पण लॉबिस्टचा मूळ मसुदा मिळाला तर तिथेच मिळतो.