आईचा खांदा

मंगळवार, रात्र बरीच झाली

आज आमच्या अ‍ॅनिमेशनमधल्या म्हातारीचा खांदा अप्रूव्ह झाला. तीन आठवड्यांनी. लीडनं कॉलवरच सांगितलं, क्लायंट म्हणतोय, म्हातारी हात वर करते तेव्हा खरंच दुखत असेल असं वाटतं. सगळ्यांनी ग्रुपवर टाळ्या टाकल्या, मीही टाकल्या. मग गोरेगावहून निघाले ते दादरला गाडी बदलून ठाणं येईपर्यंत पोटात कालवत होतं.

खांदा म्हणजे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. कोपराचं, गुडघ्याचं बरं असतं, बिजागरीचा मामला. खांद्याचं तसं नाही. हात डोक्यावर न्यायचा तर १८० अंशांतले साधारण १२० दंडाचं हाड देतं आणि उरलेले ६० पाठीवरचा फरा. पात्राच्या आत हलणारा सांगाडा, म्हणजे रिग, बसवतो तो रिगर. नवशिका रिगर सगळे अंश एकाच जॉइंटवर टाकतो आणि मग काखेत कुणीतरी घास काढून नेल्यासारखा खड्डा पडतो. म्हणून वेट रंगवत बसायचं, म्हणजे कातडी कुठल्या हाडामागे किती ओढली जाईल ते ठरवायचं. कातडीच्या या एका बिंदूवर दंडाचा हक्क ०.६, हासळीच्या हाडाचा ०.३, पाठीचा ०.१. बेरीज बरोबर १ यायला हवी, नाहीतर बिंदू भलतीकडे पळतो. त्यावर ९० अंशांना एक करेक्टिव्ह, म्हणजे हातानं दुरुस्त केलेला आकार, १४० ला आणखी एक. एवढं करूनही तीन आठवडे एकच शेरा येत होता: खांदा मेणाचा वाटतो.

आणि मग रविवारी आई वरच्या फळीवरचा सोऱ्या काढत होती.

हात कानापर्यंतही जाईना. जाईना म्हणून अख्खा खांदाच कानाकडे सरकला, मान उलट बाजूला कलली, कंबर वाकली, टाचा उचलल्या. मी मोबाइल काढला. म्हटलं, आई, थांब, पुन्हा कर. एकदा समोरून, एकदा बाजूनं. मग मागून, पदर जरा बाजूला घे, पाठ दिसत नाही. तिनं केलं. चौथ्यांदा पण केलं. मग म्हणाली, "अगं, आता नाही होत. दुखतंय."

दुखतंय हे मला दिसलं नव्हतं असं नाही. मी तेच तर शूट करत होते.

गणपतीपासून दुखतंय म्हणे. कपडे काठीनं वाळत घालत होती ते रोज पाहत होते मी. डॉक्टर म्हणाले फ्रोझन शोल्डर, शुगर असली की जास्त होतो, धीर धरा, वर्ष-दोन वर्षंही घेतो. माया या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रीझ नावाची कमांड आहे, पात्र हलवायचा कंट्रोल कुठेही असो, जिथे आहे तिथेच त्याचे आकडे शून्य होतात. दवाखान्यात मला ते आठवून हसू आलं. आईनं पाहिलं. ताईला अजून कळवलेलं नाही, कळलं की ती काय म्हणेल ते पाठ आहे.

अकरा वर्षं झाली. चांगलं रिग म्हणजे कुणाच्या लक्षातच न येणारं रिग. पात्र रडलं की अ‍ॅनिमेटरचं कौतुक, पात्राचा गुडघा फुटला की आम्हाला मेल. बाबा नातेवाइकांना सांगायचे, अर्धवटरावाच्या आत ज्या कळा असतात ना, त्या आमची पोर बसवते. एवढं नेमकं मलाही कधी सांगता आलं नाही. असो. स्टुडिओत कुणाकुणाच्या खुर्च्या रिकाम्या झाल्यात तेही आज नको.

आधी सोऱ्या काढून दिला असता आणि मग म्हटलं असतं, आई, हात वर करून दाखव? मग ती जपून उचलती. ती कंबर, त्या टाचा आल्या नसत्या. म्हणजे रिग झालं नसतं. सोमवारी सकाळी तो व्हिडिओ फ्रेम-फ्रेम करून पाहिला, सेकंदाला चोवीस, आणि खांद्याला कानाकडे सरकायचा वेगळा कंट्रोल दिला. पिवळा. काम जमलं तेव्हा छान वाटलं. फार छान वाटलं, खोटं कशाला लिहू? टोचतंय ते तेच. दुसऱ्या कुणी आपल्या आईचं असं केलेलं मला सांगितलं असतं तर मी काय बोलले असते?

रात्री जेवणं झाल्यावर आईला म्हातारीची क्लिप दाखवली. कबुलीजबाब म्हणूनच, पण तोंडानं काही बोलले नाही. तिनं चष्मा लावून दोनदा पाहिली.

"ही माझ्यापेक्षा बरी आहे. हात खाली आणताना हिचं तोंड वाकडं होत नाही."

म्हटलं, "चेहरा माझ्याकडे नाही, तो दुसरा मुलगा करतो."

"मग त्याला पाठव रविवारी. चकल्या करायच्याच आहेत."

सोऱ्या आता खालच्या कप्प्यात ठेवलाय. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फिजिओनं सांगितलेला व्यायाम, बोटं चालवत वर न्यायची आणि जिथे थांबतील तिथे पेन्सिलची खूण. आजची खूण कालच्यापेक्षा बोटभर खाली आहे. आई म्हणते काल मीच वर काढली होती.