लाटणं माझ्याकडे होतं

“अगं, कणीक मळून, वर ओलं फडकं टाकून गेले होते मी!”

आज दुपारी मावशी लाटणे मोर्चाचं सांगत होती. 1972 ची मुंबई. दुष्काळ, रेशनच्या रांगा, तेल-साखर-रॉकेलचे भाव भडकलेले. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट, पण महागाईविरुद्ध दोघी एकत्र आल्या आणि त्यांच्यामागे हजारो गृहिणी थाळ्या-लाटणी वाजवत रस्त्यावर उतरल्या. मावशी गोरेगावहून गेलेली, तेव्हा चोविशीची.

मला घोषणा ऐकायच्या होत्या. तिला आठवत होती ती कणीक. सरकारला घाम फोडून घरी आली, हात धुतले आणि त्याच लाटण्याने चौदा पोळ्या लाटल्या. आकडासुद्धा पाठ!

माझ्या लेकीने विचारलं, “मग आजोबांनी का नाही केल्या?”

मावशी खळखळून हसली. “लाटणं माझ्याकडे होतं ना!”

हसलो सगळेच. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. त्याच 1972 साली इटलीतल्या पादुआत काही स्त्रीवादी बायका जमून घरकामाला पगार मागत होत्या. आमच्या बायका रॉकेल मागत होत्या, स्वयंपाक वेळेवर व्हावा म्हणून. (यात मी कुणाला कमी लेखत नाहीये. रॉकेलशिवाय चूल कशी पेटणार?)

संध्याकाळी कणीक मळताना लेक ओट्यापाशी येऊन उभी राहिली. “आई, बाबांना लाटणं कुठे असतं ते माहितीये?”

तुमच्याकडे माहितीये?