आधी वॉकरपुरती वाट

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या वृद्धांना घरात पुन्हा वावरायला शिकवणं हे माझं काम. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. डोंबिवलीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी वॉकर घेऊन गेले, तर तो दारातून आत येऊन चार पावलांवर अडकला. वॉकर 24 इंच रुंद आणि पलंगापासून संडासापर्यंतची वाट जेमतेम 16 इंच. दोन्ही बाजूंना छातीइतकी रद्दी, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, श्रीखंडाचे डबे, लग्नपत्रिका, साड्यांचे रिकामे खोके, गोळ्या संपलेल्या पट्ट्या. पंख्याची एक्स्टेन्शन वायर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांखालून गेलेली. मला पसाऱ्यापेक्षा त्या वायरची जास्त धास्ती वाटली.

काकू 74 वर्षांच्या. पडल्या त्या याच बोळात.

मी टेप काढून मोजत होते तेवढ्यात मुलगा आला. सोबत दोन माणसं, खाली टेम्पो उभा. “मॅडम, तुम्ही आईला तासभर शेजाऱ्यांकडे बसवा, व्यायाम तिथेच घ्या. तेवढ्यात आम्ही उरकतो.” काकू ओरडल्या नाहीत. पलंगाशेजारची एक पिशवी त्यांनी घट्ट धरली आणि त्यांच्या हाताला कापरं भरलं.

हा प्रयोग आधी एकदा झाला होता. काकू काशीयात्रेला गेल्या असताना मुलानं घर रिकामं केलं होतं. नंतर ते पुन्हा भरलं आणि दाराला आतून साखळी लागली ती लागलीच. सख्ख्या बहिणीलाही आत घेईनात. शिवाय त्या सफाईत सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट रद्दीत गेलं. डुप्लिकेटसाठी पोलिसांत तक्रार, स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, सगळी वणवण मुलालाच करावी लागली. “तेव्हाही म्हटलं होतं, बघून टाक,” काकू म्हणाल्या. मुलाकडे यावर उत्तर नव्हतं.

त्याला गॅलरीत नेलं. तो म्हणाला, “हट्ट आहे हो नुसता.” मी सांगितलं, हा आजार असू शकतो. पूर्वी याला ओसीडीचाच, म्हणजे मंत्रचळाचाच, एक प्रकार धरत. 2013 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत ‘होर्डिंग डिसऑर्डर’, म्हणजे वस्तू साठवत राहण्याचा आजार, असं स्वतंत्र निदान आलं, मग जागतिक आरोग्य संघटनेनंही आपल्या यादीत ते घेतलं. तरुणांपेक्षा साठीपुढच्यांत तो जास्त आढळतो. यात वस्तूचा मोह असतोच, पण ठेवू की टाकू हे ठरवणंच मुळात जड जातं. टेम्पो सामान नेईल. ठरवता न येणं घरातच राहील आणि तुमच्यावरचा विश्वास तेवढा जाईल. त्यानं टेम्पो परत पाठवला, पण खुशीनं नाही. भाडं भरावं लागलं ते वेगळंच.

मग पसारा किती ते ठरवायला वापरतात ते छापील फोटो मी पिशवीतून बाहेर काढले. एकाच खोलीचे, वाढत्या पसाऱ्याचे नऊ फोटो असतात. आपली खोली कोणत्या फोटोसारखी ते दाखवायचं. मुलानं नववा दाखवला, काकूंनी चौथा. मी सहावा म्हटलं असतं. चौथ्यापासूनच काळजीचं कारण असतं, त्यामुळे वाद घालायची गरज उरली नाही.

आजचा नियम एकच सांगितला: काही टाकायचं नाही, फक्त वाटेतून हलवायचं. पहिलंच पाकीट केमिस्टच्या जुन्या बिलांचं निघालं. काकूंनी एकेक बिल वाचलं, उलटं केलं. “मागे कोरं आहे, हिशेबाला होतं.” मुलगा सारखा घड्याळ बघत होता. मी त्याला विजेचं बिल शोधायला सांगितलं. त्याला सापडेना, तेव्हा काकू पलंगावरूनच म्हणाल्या, “खिडकीकडून तिसरा ढीग, कालनिर्णयच्या खाली.” तिथंच होतं. काय कुठे आहे हे अशा माणसांना डोळ्यांनी ठाऊक असतं. म्हणूनच ढीग हलवला की त्यांचा जीव कासावीस होतो.

तासाभरानं काकूंनीच विचारलं, “ज्या डब्यांना झाकणं नाहीत, त्यांचं काय करू गं?” मुलगा तोंड उघडणार तोच मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. “तुम्ही सांगा काकू.” बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, “जाऊ देत.” चौदा-पंधरा डबे गेले. टेम्पोच्या हिशेबानं काहीच नाही.

संध्याकाळपर्यंत वाट 30 इंचांची झाली, वायर भिंतीकडेनं गेली, गॅसच्या शेगडीजवळचे कागद उचलले. काकू वॉकर घेऊन संडासापर्यंत जाऊन आल्या. त्या दिवसापुरतं मला एवढंच हवं होतं. निघताना मुलाला डॉक्टरांकडून स्मरणशक्ती तपासून घ्यायला सांगितलं, कारण हा नाद म्हातारपणी नव्यानं लागला असेल तर डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, शंका घ्यावी लागते. पण काकूंचं जमवणं तरुणपणापासूनचं निघालं, तपासणीही ठीक आली. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे समुपदेशन सुरू झालं.

आतली खोली अजून तशीच आहे आणि बराच काळ राहील. मुलगा एक रविवार सोडून येतो, एकच पिशवी काढतो, तीही काकूंसमोर बसून. रद्दीवाल्याचा काटा काकू स्वतः बघतात, किलोमागे दोन रुपये वाढवून घेतात आणि ते पैसे मुलाच्या हाती देत नाहीत.